महालक्ष्मीचं जेवण, ३५ पानं आणि साडेचार हजार रुपये: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवायला सुरुवात केली कारण यंदा डोक्यात ठेवून चालणार नाही. यांच्या कंपनीत जूनपासून पगार अर्धाच येऊन राहिला, मुलाची फी भरून झाली, आणि ३१ ऑगस्टला महालक्ष्म्या (गौरी) घरी येणार. आपल्याकडे तिन्ही भावांमध्ये मिळून एकाच घरी बसतात, म्हणजे आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला, त्यामुळे १ सप्टेंबरच्या जेवणाला सगळं खटलं इथेच. आईंशी (सासूबाई) बसून नावं मोजली, ३५ पानं होतात, त्यात लहान पोरं ९.

मागच्या वर्षी जेवणाचाच खर्च ११ हजारांच्या वर गेला होता. यंदा ४,५०० ठरवले. ओटीचं, फुलांचं आणि मखराचं वेगळं, ते आईंनी त्यांच्या पेन्शनमधून करायचं म्हटलं. साडेचार हजार फक्त खाण्यापिण्याचे. आईंना आकडा ऐकून बरं वाटलं नाही, त्या म्हणाल्या "अगं देवीचं जेवण आहे, मोजूनमापून काहून करायचं?" मी म्हटलं आई, एकही पदार्थ कमी करणार नाही, सोळा भाज्या सोळाच राहतील, फक्त किती करायचं ते ठरवू. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री स्वतःच जुनी वही काढून दिली ज्यात त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे जिन्नस लिहून आहेत. त्यात सगळं पावशेर, अच्छेर असंच आहे, तेव्हाही घर मोठंच होतं.

आजपासून एक काम सुरू: साय. रोज दीड लिटर म्हशीचं दूध येते, त्याची साय एरवी पोरगा पोळीवर घेते, आता महिनाभर ती डब्यात आणि डबा फ्रीजरमध्ये. पोराला समजावून सांगितलं, त्याने ऐकलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

मागच्या वर्षी काय काय उरलं होतं ते सगळ्यांना फोन करून विचारलं. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते, कारण पैसा कुठे जाते ते किराण्याच्या बिलावरून कळत नाही, तिसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये काय पडून होतं त्यावरून कळते. मोठ्या वहिनींना (जाऊबाई) बरोबर आठवत होतं. वडे एक आख्खी टोपली उरले होते, दुसऱ्या दिवशी कढीत टाकून खाल्ले तरी संपले नाहीत. भजी थंडी झाली म्हणून पोरांनी सोडली. विकतची मिठाई दोन डबे, ते तर विसर्जनानंतर कामवाल्या मावशींना दिले. आणि पोळ्या? पुरणपोळी एक उरली नव्हती, उलट शेवटच्या पंगतीला तूप कमी पडलं होतं. तूप कमी पडलं ही गोष्ट नणंदेनेही सांगितली, मामेसासऱ्यांनीही सांगितली, एक वर्ष झालं तरी सगळ्यांच्या लक्षात आहे.

मग माझं तिथेच ठरलं. पुरण आणि तूप यात हात आखडायचा नाही. नागपुरात पुरणपोळी म्हणजे वाटीत तूप घेऊन त्यात बुडवून खायची, वरून चमचाभर सोडलेल्या तुपावर इथे कोणाचं समाधान होत नाही. कापायचं ते तळण, मिठाई आणि विकतच्या पोळ्या. मागच्या वर्षी अर्ध्या पोळ्या ऑर्डर केल्या होत्या ३० रुपये नगाने, त्या जाड होत्या आणि पुरण कडेपर्यंत नव्हतं.

१० ऑगस्ट, रविवार

इतवारीत मस्कासाथकडच्या ठोक दुकानात जाऊन आलो दोघंही. सणाच्या तोंडावर चणाडाळ वाढतेच म्हणून आताच घेतली. झड लागली होती, पिशव्यांवर प्लास्टिक गुंडाळून आणलं, घरी येऊन डाळी पेपरवर पसरून पंख्याखाली ठेवल्या मग डब्यात भरल्या, या दिवसात ओल लागली की महिनाभरात जाळी धरते.

बिल असं: चणाडाळ ३ किलो २६४ (दोन पुरणाला, एक दळून बेसन), साखर २ किलो ८८, गूळ किलोभर ५५, तूरडाळ ११०, मूगडाळ १०५, उडीदडाळ अर्धा किलो ५५, ज्वारी ४५, वेलची-जायफळ १२०, आणि चिंच, तीळ, फल्लीदाणे, खोबरं, चारोळी मिळून ३५०. खोबऱ्याचे भाव यंदा फारच चढले आहेत, म्हणून एकच वाटी घेतली, आंबिलीत काप घालायला आणि पंचामृताला पुरते, चटणीत खोबऱ्याऐवजी दाणे आणि तीळ. चारोळी ५० ग्रॅम. आईंना चारोळीशिवाय आंबील चालत नाही आणि ते बरोबरही आहे.

एकूण ११९२.

पुरण साखरेचं की गुळाचं यावर घरात दरवर्षी चर्चा. आमच्याकडे साखरेचं, काकूंकडे गुळाचं. साखर गुळापेक्षा किलोमागे ११ रुपये स्वस्त पडली म्हणून यंदा वादच नाही, गूळ पंचामृत आणि कटाच्या आमटीपुरता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज अवघड बोलणं होतं ते झालं. मी मोठ्या वहिनींना फोन करून सरळ सांगितलं की यंदा हात तंग आहे. त्यांना यांच्या पगाराचं माहीत नव्हतं, हे भावाला बोललेच नव्हते. वहिनी म्हणाल्या, "तू काही बोलू नको आईंना, मी पाहते." संध्याकाळी त्यांनीच आईंना फोन केला आणि म्हणाल्या की आई, आमच्या घरून महालक्ष्मीला शिधा द्यायची माझी इच्छा आहे, तेल आणि तांदूळ आमच्याकडून राहू द्या. देवीला शिधा म्हटल्यावर आई नाही कसं म्हणतील. पैसे म्हटले असते तर घेतलेच नसते. नणंदबाईंनी मग मदतीचं कबूल केलं, आदल्या रात्री राहायलाच येतो म्हणाल्या, पुरण वाटायला.

वहिनी तांदूळ एचएमटी आणणार आहेत, ४ किलो. हा तांदूळ आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून निवडून तयार केलेला, दीडदोन एकराचा शेतकरी माणूस. आमच्या घरी साध्या दिवशीही हाच असते, सणाला वेगळा महाग बासमती आणायची गरजच नाही, वरणभाताला याच्यासारखा मऊ भात दुसऱ्याचा होत नाही.

शेजारच्या काकू विचारत होत्या आनंदाचा शिधा (सणाला रेशनवर मिळणारा सरकारी शिधा) मिळेल का म्हणून. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळालं होतं त्यांना. मी म्हटलं मिळालं तर चांगलंच, पण त्याच्या भरवशावर यादी करू नका काकू.

१७ ऑगस्ट, रविवार

भाज्यांचा हिशोब. लोकांना वाटते सोळा भाज्या म्हणजे केवढा खर्च, पण सोळा भाज्या प्रत्येकी पाव किलो म्हणजे सगळ्या मिळून ४ किलोच होतात, आणि ३५ माणसांना मिसळीच्या भाजीला तेवढी पुरे आहे कारण ताटात बाकी इतकं असते की ही भाजी कोणी दोन पळ्यांच्या वर घेत नाही. महाग पडते ते अर्धा-अर्धा किलोने घेतल्यावर. दुकानदार पाव किलो द्यायला तयार नसते हा खरा प्रश्न, आणि त्याचा उपाय म्हणजे दोन घरं मिळून घेणे. शेजारच्या काकूंकडेही महालक्ष्म्या आहेत, त्यांच्यासोबत अर्धा-अर्धा किलो घ्यायचं आणि घरी येऊन वाटे करायचे असं ठरलं.

यादी: कोहळं (लाल भोपळा), लवकी (दुधी), दोडके, ढेमसं, गवार, बरबटी, भेंडी, वांगे, कारलं, पडवळ, तोंडली, पानकोबी, आलू, मुळा, कच्ची केळी, मक्याचे दाणे. फुलकोबी काढून टाकली, पावसात महागही असते आणि अळ्याही निघतात. अंबाडी आणि धोप्याची (अळूची) पानं वेगळी, ती सोळात धरायची नाहीत असं आईंचं म्हणणं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा आणि मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक). आज इतवारी-महालाकडे काही आणायला जायचा प्रश्नच नाही, काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा तिकडे पाय ठेवायला जागा नसते. हे पोराला घेऊन मिरवणूक पाहायला गेले. आला तो घसा बसवून, "महागाई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडला म्हणे खूप. त्याला हे वाक्य कोणी शिकवलं नाही, घरात यादी करताना ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात बसलं असेल. मला ऐकून जरा कसंतरी झालं. रात्री त्याला जवळ बसवून यादी दाखवली, तुझ्या आवडीची पुरणपोळी यात आहे, कमी होणार नाही हे दाखवलं. त्याने "तूप?" विचारलं. सायीचा डबा दाखवला, वरपर्यंत आला आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळ्या लाटायला एक बाई ठरवल्या, ५०० रुपये, सकाळी आठ ते बारा. आईंना आता उभं राहवत नाही आणि मी एकटी ५५ पोळ्या लाटून मग वाढायला लागले तर शेवटची पंगत चारला बसेल. हिशोब केला: डाळ १७६, साखर ८८, कणिक तीन किलोची १०८ धरली (गहू घरचाच आहे तरी धरली), वेलची-जायफळाचे ६०, म्हणजे ४३२. बाईंचे ५०० मिळवून ९३२, ५५ पोळ्यांना भागलं तर नगाला १७ रुपये. विकतच्या ३० च्या होत्या आणि अशा नव्हत्या. ज्यांना घरी माणूस नाही त्यांनी विकत घ्याव्या, त्यात वाईट काही नाही, पण बाईचे पैसे देऊनही घरची जवळपास अर्ध्या किमतीत पडते हे एकदा मांडून पाहावं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आज साय बाहेर काढून कोमट करून विरजण लावलं. फ्रीजरमधून काढलेली साय लगेच विरजत नाही, खोलीच्या तापमानाला आली पाहिजे, नाहीतर वरून दही आणि मधात बर्फ.

३० ऑगस्ट, शनिवार

लोणी निघालं आज. मोठ्या गंजात (पातेल्यात) सायीचं दही घेऊन रवीने घुसळलं, हे आणि मी आळीपाळीने. पहिले बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं फेसाळ घट्ट, हात दुखायला लागतात, मग थंडं पाणी घातलं आणि एकदम आवाज बदलला, रवी जड झाली आणि कडेला पांढरे दाणे दिसायला लागले. आई लगेच उठून आल्या, आवाजावरूनच त्यांना कळलं. गोळा तीनदा पाण्याने धुतला, मंद गॅसवर कढवला, शेवटी विड्याचं पान टाकलं. तूप भरलं १ किलो १०० ग्रॅम. बेरी साखर घालून पोरांनी संपवली.

आणि ताक, हे खरं घबाड. गंजभर ताक निघालं, म्हणजे आंबील आणि कढी दोन्हीचं काम झालं, दह्याचा खर्च फक्त कोशिंबिरीपुरता. फ्रीजमध्ये ठेवलं आहे, उद्या थोडं आंबट होईल ते आंबिलीला चांगलंच.

अर्धा किलो तूप विकत आणून ठेवलं, ३२०. मागच्या वर्षीचं मनात आहे म्हणून.

३१ ऑगस्ट, रविवार, आवाहन

सकाळी सहालाच कॉटन मार्केट. शेजारच्या काकू, त्यांचा मुलगा आणि मी. तिथे सोळा भाज्यांचे तयार वाटेही मांडून होते, पण त्यात दोन फोडी कोहळं आणि चार गवारीच्या शेंगा असा प्रकार, नैवेद्यापुरतं चालेल, ३५ पानांना नाही. आम्ही अर्धा-अर्धा किलोने घेतलं. कारलं आणि पडवळ सणामुळे महाग, कोहळं आणि लवकी स्वस्त, म्हणून कोहळं पाव किलोच्या ऐवजी जास्त घेतलं आणि कारलं नावापुरतं. कोहळ्याने भाजीला गोडी येते, मिसळीच्या भाजीत तेच चवीचं असते. आमच्या वाट्याचे ७०० झाले. सांबार (कोथिंबीर), मिरच्या, अद्रक, लिंबं, काकड्या, कढीपत्ता, अंबाडी आणि धोप्याची पानं मिळून ४५०. सांबार फार महाग होता, एकच जुडी घेतली, तो फक्त कोशिंबीर आणि कढीवर, भाज्यांमध्ये नाही.

तिथूनच पत्रावळी, फळं आणि विड्याची पानं घेतली, ६५०. पळसाच्या पत्रावळी मिळाल्या, द्रोणांसकट.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघींना आईंनी आणि वहिनींनी उंबऱ्यापासून पावलांवरून आत आणलं. आजचा नैवेद्य भाजी-भाकरीचा, त्यात खर्च नाही.

रात्री नणंदबाई आल्या. ज्वारी शुक्रवारीच ओलवून, कपड्यावर वाळवून जाडसर दळून आणली होती, ते पीठ ताकात भिजवून झाकून ठेवलं. डाळी भिजत घातल्या, वड्यांना मूग आणि उडीद मिळून दीड किलो, मागच्या वर्षी बरोबर दुप्पट होती.

१ सप्टेंबर, सोमवार, पूजन

पहाटे साडेचारला चणाडाळ चढवली. डाळीत पाणी मुद्दाम जास्त घातलं, शिजल्यावर चाळणीवर ओतून कट पूर्ण गाळून घेतला. कट नीट गाळला की दोन फायदे, पुरण लवकर घट्ट होते आणि आमटी फुकटात होते. साखर घालून पुरण ढवळायचं काम नणंदबाईंनी घेतलं, पळी मधात उभी राहिली तेव्हाच गॅस बंद केला. गरम गरमच यंत्रातून काढलं.

आंबील आईंच्या देखरेखीखाली. भिजलेलं पीठ उकळत्या पाण्यात सोडताना एक हात ओतायला आणि एक हात ढवळायला, थांबलं की गुठळी. खोबऱ्याचे काप आणि चारोळी शेवटी. ही पोरं पीत नाहीत म्हणून कमी करायचा विचार होता पण सकाळपासून उपाशी असलेल्या बायकांना पहिले द्रोणभर आंबीलच बरी वाटते, म्हणून तेवढीच ठेवली, आणि संपली.

तळणाचं असं केलं की वडे आणि भजी दोन्ही आधी तळून ठेवले नाहीत. नैवेद्याचे तेवढे आधी, बाकी पीठ तसंच ठेवून प्रत्येक पंगत बसल्यावर वहिनी कढईसमोर बसल्या आणि गरम गरम वाढले. थंडे वडे माणूस पानात घेते आणि ठेवून देते, गरम असला की एक घेऊन खाते आणि पुन्हा हवा तर मागते. तेल वहिनींनी आणलेल्या पाचमधलं तीनच लिटर लागलं.

नैवेद्य पावणेबाराला. सोळा भाज्या, पुरण, पुरणाचे दिवे, कढी, कटाची आमटी, साधं वरण, भात, पंचामृत, दोन चटण्या, कोशिंबीर, धोप्याची पातळ भाजी, अंबाडी, वडे, भजी, तांदळाची खीर वाटीभर, आंबील. आईंनी पानाकडे पाहिलं, बोटाने मोजलं आणि म्हणाल्या, "सगळं आहे." मला तेवढंच ऐकायचं होतं.

पहिली पंगत सवाष्णी आणि पोरं, साडेबाराला. वाढताना तूप मी स्वतः घेतलं हातात. प्रत्येकाच्या पत्रावळीवर द्रोण ठेवला होता तुपाचा, तो भरत गेले. मामेसासरे म्हणाले "यंदा बाई तूप पाहून वाढते की नाही?" मी म्हटलं मामा तुम्ही फक्त थांबा म्हणा. त्यांनी तीन पोळ्या घेतल्या. ७८ वर्षांचे आहेत.

मिठाई कोणी विचारली नाही. एका पाहुण्यांनी संत्रा बर्फी आणली होती ती पोरांनी संपवली.

शेवटची पंगत आमची घरच्या बायकांची, अडीचला. पोळ्या लाटणाऱ्या बाईंनाही सोबतच बसवलं, त्या जायला निघाल्या होत्या पण आईंनी हात धरून बसवलं.

२ सप्टेंबर, मंगळवार, विसर्जन

किराणा ११९२, भाज्या आणि हिरवं ११५०, विकतचं तूप ३२०, दही ८०, खिरीचं दूध ६५, पत्रावळी-फळं-पानं ६५०, बाई ५००. एकूण ३९५७. उरले ५४३. तेल-तांदूळ शिध्यातून आले ते यात नाहीत, ते धरले असते तर अजून साताठशे झाले असते आणि साडेचारच्या जरा वर गेलं असतं, म्हणजे वहिनींशिवाय हे बसलं नसतं हे लिहून ठेवते. उरलेलं दोन लिटर तेल त्यांना परत द्यायला काढलं तर घेतलं नाही, म्हणाल्या दिवाळीच्या चकल्यांना ठेव.

उरलं काय: पोळ्या ४, वडे मूठभर, वाटीभर मिसळीची भाजी, विकतच्या तुपातलं थोडं. भाजी आज सकाळी भाकरीसोबत संपली. भात थोडा होता, त्याचा आज दहीभात झाला नैवेद्याला.

५४३ मधले २०० बाईंना अजून दिले, चार तास म्हटलं होतं आणि त्या सहा तास होत्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

पुढच्या वर्षी अधिक महिना आहे त्यामुळे महालक्ष्म्या उशिरा, १७ सप्टेंबर २०२६ ला आवाहन, १८ ला जेवण. म्हणजे साय १५ ऑगस्टपासून ठेवली तरी होईल पण मी १ पासून ठेवणार, विकतचं तूप आणायचंच नाही. शेजारच्या काकूंना भाज्यांचं आताच सांगून ठेवलं, त्यांच्या बाजूच्या घरीही महालक्ष्म्या असतात, त्याही येतो म्हणाल्या. तीन घरं झाली तर धडाभर घेता येईल आणि ठोकचा भाव लागेल. चणाडाळ उन्हाळ्यातच घेऊन कडक ऊन दाखवून ठेवायची, मे महिन्यात आईंच्या वाळवणासोबत गच्चीवर.